सुभानरावांच्या नावाची पार्सलं

हे कोणाला पटायचं नाही. नका पटवून घेऊ. पण पागावाडीच्या सुभानरावांनी एका सालात अडीचशे जोड चपला, अकरा मिक्सर, एक जागच्या जागी पळायचं मशीन आणि म्हशीला पुरेल एवढं गोरं व्हायचं मलम मागवलं, आणि त्यातलं बोटभरसुद्धा त्यांच्या अंगाला लागलं नाही. मागवलं तेव्हा खिशातल्या फोनची दोनच बटणं त्यांना ठाऊक होती, हिरवं आणि लाल. हसा, हसा. पळायचं मशीन आलं तेव्हा अख्खी वाडी हसली होती. जगदेवरावांच्या म्हशीनं त्यावर पाय ठेवला, पट्टा सुरू झाला, आणि म्हैस गोठ्यातल्या गोठ्यात थेट हालोलपर्यंत चालून आली. संध्याकाळी तिनं धारेला दिलं ते ताकच.

हे घर, ज्याच्या ओट्यावर आपण बसलोय, हेच त्या गोष्टीतलं घर. बडोद्याहून वासणा ओलांडला की डांबरी रस्त्याला लागून हे एकटं, मागे कॅनॉल, कॅनॉलवर एक अरुंद पूल आणि पुलापलीकडे पागावाडी. सरकारी घोड्यांची पागा कधीकाळी तिथं होती. घोडी गेली, घोड्यांवरचे मराठे राहिले. बाहेर गुजराती, घरात मराठी आणि भांडणात दोन्ही, अशी वाडीची भाषा. ते आता जे बंगले दिसतात ना, लाल कौलांचे, तिथं तेव्हा तूर होती आणि एरंडी होती.

सुभानरावांचं घर वेशीचं. वेशीच्या घराला एक मान असतो. पाहुणा येवो, वरात येवो, पोस्टमन येवो की वीजमीटर बघायला आलेला माणूस, पहिला थांबा वेशीच्या घरी. तिथं गूळ-पाणी घ्यायचं आणि मग पूल ओलांडायचा. वेशीवर आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय माघारी धाडायचं नाही. सुभानरावांच्या वडिलांनी जप्तीला आलेल्या कारकुनाला आधी गूळ दिला होता आणि मग कुत्रं सोडलं होतं.

ज्या उन्हाळ्यात हे सुरू झालं त्या उन्हाळ्यात कॅनॉल दुरुस्तीला म्हणून बंद केला. तळाशी शेवाळाचा हिरवा पापुद्रा वाळून उलला होता. बोअरचं पाणी मनगटाएवढं पडायचं ते करंगळीएवढं झालं. सुभानराव, रखमाबाई आणि आनंदी अशी तिघं जणं उजाडायच्या आत वांग्यांच्या वाफ्यांत वाकलेली असायची. वांग्याच्या देठाला काटे असतात, ते बोटात मोडतात आणि मोडले की दिसत नाहीत. रखमाबाई दुपारी दिव्याच्या वातीचं तेल लावून सुईनं ते काढायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन. आनंदी एम.कॉम.ला होती. सकाळी टोपल्या टेम्पोत चढवायची, बापाबरोबर खंडेराव मार्केटला जायची, तिथूनच कपडे झटकून कॉलेजात. तिच्या ओढणीला वांग्याचा वास यायचा. मुली लांब बसायच्या. ती घरी सांगायची नाही.

पण पुलापलीकडे ज्यांना बोअर नव्हती त्यांनी काय करायचं? ते निंबाखाली आडवे झाले. आडव्या माणसाच्या हातात तेव्हा नवीन नवीन आलेला, बोटानं सरकवायचा फोन होता.

पहिला आला केयूर. जगदेवरावांचा मुलगा. जगदेवराव म्हणजे सुभानरावांचे चुलतभाऊ, बांधाला बांध. केयूर ओट्याखाली चप्पल काढून अदबीनं बसला तेव्हाच रखमाबाईंनी ओळखलं की काहीतरी मागणं आहे.

"काका, एक काम होतं ने."

"बोल."

"हेडफोन मागवायचाय. पण कंपनी म्हणते, पुलापलीकडे आमची गाडी येत नाही. तिथला पिनकोड त्यांना चालत नाही. तुमचा चालतो. तुमचा शहरातला."

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. तुमचं नाव, तुमचा पत्ता, तुमचा नंबर. तो माणूस इथं येईल, मी पैसे देऊन जाईन. काका, तसंही वाडीत काय येतं ते आधी तुमच्याच दारात येतं ने?"

हे शेवटचं वाक्य त्यानं बरोबर जागी मारलं. सुभानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "टाक की. त्यात काय विचारायचं? वेशीचं घर कशाला असतं!"

झालं. वाडीचं एकच खातं उघडलं, आणि ते सुभानरावांच्या नावाचं. दुसऱ्या कोणाला वेगळं उघडायचं सुचलंच नाही. घरात एक चूल असावी तसं वाडीत एक खातं.

घरबसल्या वस्तू मागवणं वाडीला अगदीच नवीन नव्हतं म्हणा. म्हाताऱ्यांच्या वेळी मासिकातला चौकोन कापून पाठवला की पोस्टात पैसे भरून सोडवायच्या व्ही.पी.नं घड्याळ यायचं. ते दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवायचं. मग टीव्ही आला, टीव्हीत रात्रंदिवस ओरडणारी माणसं आली, फोन फिरवला की पोट कमी करायचा पट्टा यायचा. जगदेवरावांनी तो बांधला, पोट तेवढंच राहिलं, पट्टा तुटला. मग शहरात कॉम्प्युटरवाल्या पोरांनी पुस्तकं नि कॅसेटी मागवायला सुरुवात केली म्हणे. पण त्याला कार्ड लागायचं आणि वाडीत कार्ड फक्त रेशनचं. खरी मजा आली ती कंपनीनं 'माल बघा, मग पैसे द्या' म्हटल्यावर. बघायला पैसे पडत नाहीत हे कळल्यावर वाडी बघतच सुटली.

पार्सल घेऊन यायचे हसमुखभाई. पन्नाशीचा माणूस, पूर्वी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर मोटरसायकलच्या मागे पोतं बांधून हिंडायचा. पहिल्या दिवशी त्यानं हाक मारली, "सुभानकाका, आ तमारुं पार्सल!" सुभानरावांनी त्याला पाटावर बसवलं, गुळाचा खडा आणि तांब्या पुढे केला. हसमुखभाई चकित झाला; सकाळपासून पाणी विचारणारं हे पहिलंच घर. "सवारथी फरुं छुं काका, कोईए पाणी नथी पूछ्युं." तो घटाघटा पाणी प्यायला, गळ्यावरून ओघळलेलं त्यानं शर्टाला पुसलं, आणि त्या दिवसापासून तो दुपारचं ऊन सुभानरावांच्याच ओट्यावर टाळायला लागला. दोघं तंबाखू मळत बसायचे.

पावसाळ्यात पोतं एक होतं, नवरात्रात दोन झाली, दिवाळीत हसमुखभाई रिक्षा करून यायला लागला. धान्याच्या खोलीत तुरीच्या पोत्यांवर खाकी खोकी चढली. सगळ्यांवर सुभानरावांचं नाव. रखमाबाईंना रात्री मांजर चाललं तरी खोकी करकरल्यासारखी वाटायची.

"अहो, ही कोणाची चड्डी आलीय आपल्या नावावर?"

"असेल कोणाची तरी."

"त्यावर तुमचं नाव लिहिलंय. लाल आहे."

"तू उघडतेस कशाला?"

"फाटलंय खोकं. मी कशाला बघतेय लोकांच्या चड्ड्या!"

मग परतीचा मोसम सुरू झाला. कोणीतरी पाच जोड चपला मागवायचा, पाचही पायात घालून पुलावर चक्कर मारायचा आणि पाचही परत. एक जण नवे बूट घालून पावागड चढला, उतरला आणि म्हणाला, चावतात. जगदेवरावांच्या घरात दसऱ्याला मिक्सर आला, त्यात पुरण वाटलं गेलं, कोजागिरीला मिक्सर परत, आवाज करतो म्हणून. त्याच्या भांड्याला वेलदोड्याचा वास येत होता. वाडीतला सगळ्यात खरा माणूस म्हणजे रमाकांत, पण त्यानंसुद्धा कानाचं यंत्र मागवलं आणि परत केलं, कारण सुनेचं बोलणं ऐकू यायला लागलं.

पण परत करायला वेशीवर कोण उभं असायचं? ज्यानं मागवलं तो नाही. तो निंबामागे. सुभानरावांना सांगून ठेवलेलं असायचं, 'काका, नको म्हणून सांगा.' मग हसमुखभाई खोकं पुढे करायचा आणि सुभानराव, ज्यांच्या बापानं जप्तीच्या कारकुनालाही गूळ दिला, ते खाली मान घालून म्हणायचे, "नकोय." पहिल्यांदा म्हणताना त्यांची जीभ जड झाली. नंतर नंतर ते हसमुखभाईच्या तोंडाकडे न बघता म्हणायला शिकले.

हसमुखभाईला नेलेला माल परत आणला की त्या फेरीचं काही मिळायचं नाही. हे त्यानं कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. एकदा नुसतं बोलता बोलता म्हणाला आणि तंबाखू थुंकला. त्यानंतर केव्हातरी सुभानरावांनी तांब्या पुढे केला तेव्हा तो मोटरसायकलवरून उतरलाच नाही.

"ना काका, रहेवा दो. मोडुं थाय छे."

उशीर होतोय म्हणे. तांब्या हातातच राहिला. सुभानराव घरात आले आणि त्यांनी ते पाणी तुळशीत ओतलं.

त्या संध्याकाळी ते पूल ओलांडून जगदेवरावांकडे गेले. "जगदेव, हे परतीचं जरा आवरा रे. माझ्या नावावर येतंय."

"दादा, नाव काय घासलं जातंय का तुमचं? कंपनी करोडोंची आहे. त्यांना काय फरक पडतो?"

"तो हसमुख पाणी प्यायला नाही आज."

जगदेवराव मोठ्यानं हसले. "घ्या! कुरियरवाला रुसला म्हणून दादा कासावीस! अहो, तुमची मुलगी अजून उजवायचीय, तिकडं लक्ष द्या."

मुलीकडं लक्ष होतंच. मार्गशीर्षात देवासचं स्थळ आलं. आपल्या लोकांत बडोदे, इंदूर, देवास, ग्वाल्हेर अशाच सोयरिकी व्हायच्या. मुलगा सोहम इंदुरात कॉम्प्युटरवर काम करणारा. येऊन बघून गेला. आनंदीनं पोहे दिले आणि त्यानं विचारलं, तुम्हाला काय आवडतं, तेव्हा ती म्हणाली, "झोपायला. सकाळी सातपर्यंत." तो हसला, आई हसली. आई म्हणजे मंदाकिनीबाई, भारदस्त बाई, नथ सावरत बोलणारी. जाताना तिनं रखमाबाईंचा हात हातात घेतला आणि काट्यांनी काळ्या झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. "कामाचं घर आहे," म्हणाली. "आम्हाला असंच हवं होतं."

त्या रात्री रखमाबाई जेवल्या नाहीत. आनंदानं पोट भरलं म्हणाल्या. आनंदी दुसऱ्या दिवशी वांगी तोडताना गुणगुणत होती, आणि सुभानराव दोन सऱ्या सोडून खोकला दाबत होते, तिनं थांबू नये म्हणून.

आता ह्या लोकांची एक रीत आहे. साखरपुड्याआधी मुलाकडून साडी येते. मुलाच्या आईनं ती स्वतः आणायची, वेशीवर मुलीच्या आईनं उतरवून घ्यायची. साडी घरात गेली की शब्द पक्का. साडी वेशीवरून परत फिरली की सोयरीक मोडली; मग कारण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. असं कधी घडल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण रीत सगळ्यांना पाठ.

पौष सरला आणि मंदाकिनीबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. हात प्लास्टरमध्ये. त्यांचा फोन आला. "विहीणबाई, मी काही येऊ शकत नाही, आणि माघ हातचा जायला नको. सोहम म्हणाला, आई, आता सगळं घरपोच जातं. मी फोनवरच साडी पसंत केलीय. मोरपंखी आहे. परस्पर तुमच्या वेशीवर येईल. उतरवून घ्या, आनंदीला नेसवा, फोटो पाठवा. मग तारीख काढू."

रखमाबाईंनी फोन ठेवला आणि त्या जागच्या जागी बसल्या. "अहो, साडी पार्सलनं येतेय."

"मग येऊ दे की," सुभानराव म्हणाले. त्यांची छाती फुगली. "वर्षभर लोकांची पार्सलं घेतली. आता माझं येतंय."

ते शेतात गेले नाहीत. वांगी पिवळी पडत होती, पण ते सकाळपासून ओट्यावर. रखमाबाईंनी हळदीकुंकवाचं तबक भरून उंबऱ्यात ठेवलं. त्यावर माशा बसू नयेत म्हणून आनंदी मधून मधून फडकं हलवत होती. असा एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर वासण्याच्या बाजूनं मोटरसायकलचा आवाज आला. सुभानरावांनी आवाज ओळखला. ते तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

हसमुखभाई आला. मागे पोतं होतं. त्यानं सुभानरावांकडे बघितलं, मान दुसरीकडे वळवली आणि तो पुढे निघून गेला.

"हसमुख! अरे हसमुखभाई!" सुभानराव पळाले. धोतर गुडघ्यात अडकत होतं, तांब्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. साठीचा माणूस मोटरसायकलमागे किती पळणार? वळणावर एरंडीचा ताटवा होता तिथं ते थांबले, वाकून, हात गुडघ्यावर ठेवून. पुलावर वाडीतली दोन-चार माणसं उभी होती. कोणीतरी म्हणालं, "काकांचं पण परत गेलं वाटतं!" आणि हसण्याचा आवाज आला. बाकीचं पाणी सुभानरावांनी एरंडीच्या मुळाशी टाकलं आणि ते घरी आले.

देवासहून फोन आला तो मंदाकिनीबाईंचा नाही, त्यांच्या यजमानांचा. आवाज थंड.

"साडी परत आली आमची."

"परत? अहो, इथं आलीच नाही! मी दारात..."

"'घेणाऱ्याने नाकारले' असा मेसेज आलाय. कंपनी खोटं कशाला सांगेल? तुम्हाला नको होतं तर आम्ही बसलो होतो तेव्हाच सांगायचं. हिच्या हाताला प्लास्टर आहे, पण तोंड होतं ना, तोंडावर ऐकून घेतलं असतं."

लाल बटण सुभानरावांनी दाबलं नाही. तिकडूनच फोन बंद झाला.

पाणीगेटला कंपनीचं गोदाम होतं, जुन्या तेलाच्या वखारीत. सुभानराव आणि आनंदी तिथं गेले. आत खोक्यांचे डोंगर, वर पंखे, आणि चिकटपट्टी फाडल्याचा चर्र चर्र आवाज. काचेमागच्या साहेबानं नाव विचारलं. सुभानरावांनी सांगितलं. साहेबानं कॉम्प्युटरवर टाकलं आणि त्याचे ओठ वाकडे झाले. त्यानं हेच ते काका म्हणून पलीकडच्या दोघांना बोलावलं. "अरे आवो, आवो. आ ज पेला काका छे!" तिघं पडद्याकडे बघायचे आणि सुभानरावांकडे बघायचे, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखे.

"साहेब, माझ्या मुलीची साडी होती."

"काका, तमारा नाम पर लाल निशान छे. इतनी चीजें मँगवाकर लौटाई हैं कि अब आपके नाम का पार्सल हम बाहर ही नहीं निकालते. सीधे 'ना पाडी' लिखके वापस."

"पण तो माझा माल नव्हता."

"नाम किसका है?"

 आनंदीनं काचेवर हात ठेवला. "साहेब, एक चिठ्ठी तरी द्या, की आम्ही नाही म्हटलं नव्हतं."

"बहन, ऐसी चिठ्ठी हमारे यहाँ नहीं बनती."

बाहेर हसमुखभाई पोतं बांधत होता. त्यानं दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "काका, मने उपरथी ना पाडी हती," तो पोत्याकडे बघत म्हणाला. त्याला वरूनच मनाई होती. "पार्सल मारी पासे हतुं ज नहीं. थांबलो असतो तर तुम्ही पाणी दिलं असतं. कोणत्या तोंडानं पिऊ?"

घरी आल्यावर आनंदीनंच देवासला फोन लावला. स्वतःच्या सासऱ्याशी, होऊ घातलेल्या, ती नीट, सावकाश बोलली. वाडीचं एकच खातं, पुलापलीकडचा पिनकोड, सगळं. 

"सोहमनं चौकशी केली कंपनीत," ते म्हणाले. "त्या नावाचा माणूस वर्षभर दारात आलेलं माघारी पाठवतोय, असं त्यांनी सांगितलं. पोरी, तू खरं बोलत असशील. पण माझ्या भाऊबंदांना मी काय सांगू? तुमच्या वाडीतली चार माणसं घेऊन वडिलांना येऊ दे. त्यांनी तोंडानं सांगावं की ते सामान आमचं होतं, नाकारलं ते आम्ही. वद्य पंचमीपर्यंत वाट बघतो. तेवढं झालं की साडी मी स्वतः घेऊन येतो."

चार माणसं. एवढंच. सुभानरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. चार काय, चाळीस उभी करीन, म्हणाले.

खंडोबाच्या देवळात वाडी जमली. ऊन कलतं होतं, दगडी फरशी तापलेली होती. सुभानराव आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला उभे राहिले होते, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. ते टोपी काढायचे आणि घालायचे.

"मी कोणाला दोष देत नाही," ते म्हणाले. "नाव मीच दिलं. पण देवासला येऊन एवढं सांगा, की ते तुमचं होतं."

 मग जगदेवराव उठले. "दादा, हे काय बोलणं? आनंदी काय एकट्या तुमची? मी येतो. सांगतो, मिक्सर माझा, मशीन माझं."

"पावागडचे बूट माझे," दुसरा उठला.

"चपला माझ्या."

रमाकांत म्हातारा, गुडघ्यांनी कामातून गेलेला, तोही खांबाला धरून उठला. "मी सगळ्यांच्या पुढं बसणार. बोलायला माणूस लागतो."

देवळात हशा पिकला. जगदेवरावांनी देवापुढचा बेलभंडार उचलला. प्रत्येकाच्या कपाळाला भंडार लागला, प्रत्येकानं बेलाच्या पानावर हात ठेवला. जगदेवरावांची मुलगी नयना तेव्हा लग्नाची होती. तिनं भंडाराची वाटी फिरवली. खंडोबासमोर उचललेला बेलभंडार म्हणजे मागे फिरायची वाट बंद. सुभानरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर सांडलेला भंडार ओला होऊन पिवळा ओघळ मिशीपर्यंत आला. रखमाबाईंनी घरी आल्यावर पाच जणांच्या दशम्या बांधायला घेतल्या.

आणि मग काय झालं म्हणता! पहाटे अजून चांदणी होती, तर पुलावर धडधड झाली. चार कशाचे? जगदेवरावांचा ट्रॅक्टर, त्याला ट्रॉली, आणि ट्रॉलीत अख्खी पागावाडी! बायका, पोरं, दोन शेळ्या. ज्यानं जे परत केलं होतं ते त्यानं बाजारातून नवं विकत घेऊन डोक्यावर धरलेलं, पुरावा म्हणून. बुटाचे जोड, मिक्सर, आणि मधोमध ते पळायचं मशीन, त्यावर म्हैस. पुढं रमाकांत, फेटा बांधून. हालोल गेलं, गोध्रा गेलं, दाहोदला तर पोलिसांनी अडवलं. साहेबानं विचारलं, ही कसली मिरवणूक? रमाकांत म्हणाला, ही गुन्हेगारांची मिरवणूक आहे, स्वतःहून निघालीय. साहेबानं सलाम ठोकला आणि पुढे जीप दिली. झाबुआच्या चढावर ट्रॅक्टर बसला, तेव्हा म्हैस मशीनवर चालायला लागली आणि तिच्या जोरावर ट्रॉली इंदूरपर्यंत गेली!

देवासच्या चौकात गाव लोटलं. एकेक जण पुढे होऊन छाती ठोकून सांगतोय, नाकारलं ते मी, नाकारलं ते मी. जगदेवरावांनी तर सुभानरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. मंदाकिनीबाईंनी प्लास्टरचा हात उंच केला आणि म्हणाल्या, असं गाव ज्याच्या पाठीशी त्याच्याच घरची मुलगी मला सून हवी. तिथंच मोरपंखी साडी आनंदीच्या खांद्यावर पडली, सोहमनं पेढा तिच्या तोंडात...

"खोटं."

आवाज मागून आला. उंबऱ्यात चहाची थाळी घेऊन आनंदी उभी होती. ओट्यावर बसलेल्यांनी माना वळवल्या.

"खोटं बोलताय, रमाकांतकाका."

"अगं, गोष्टीत जरा..."

"ट्रॅक्टर नव्हता. आई पाच जणांच्या दशम्या घेऊन दारात उभी होती, पुलावरून कोणी आलं नाही. अप्पा म्हणाले, परस्पर डेपोत येतील. आम्ही दोघं डेपोत गेलो. इंदूरची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता, चालो, चालो, आणि अप्पा पायरीवर एक पाय ठेवून त्याला म्हणत होते, भाई, पाच मिनिट, माझी माणसं येतायत. गाडी सुटली. त्यांनी दुसरी धरली, तिच्याही पायरीवर तसाच पाय ठेवला. जगदेवकाकांचा फोन बंद होता. पंचमी गेली, आणि वैशाखात नयनाचं लग्न इंदुरात ठरलं, तेव्हा कळलं फोन का बंद होता; देवासला कबूल केलं असतं तर त्यांच्याच मुलीची सोयरीक अडली असती."

 रमाकांतनं कप घ्यायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"एकसुद्धा आलं नाही, काका. आणि अप्पांनी आदल्या दिवशी रांगेत उभं राहून सगळ्यांची तिकिटं काढून ठेवली होती. पुढची सीट तुमची होती. तुमचे गुडघे दुखतात म्हणून खिडकीजवळची."